सुतारपक्ष्याचा प्रश्न

“नमस्कार मंडळी मी मागेही लिहिले होते पण कोणी काही बोलले नाही म्हणून परत लिहीत आहे माझ्या पत्नीला गेल्या उन्हाळ्यापासून पोटाचा त्रास आहे म्हणजे आधी आम्हाला ॲसिडिटीच वाटली कारण तेव्हा पुतणीचे लग्न होते जागरणे झाली होती आणि आमची ही स्वतःकडे कधी बघतच नाही...”

बायको उशीला टेकून मोठ्यानं वाचत होती. एका दमात, कारण दम घ्यायला मजकुरात कुठं जागाच नव्हती. सुतार गरम पाण्याची पिशवी घेऊन दारातच थबकला. पाणी तापवायला जाताना लॅपटॉप मिटायचा राहून गेला होता, आणि तोही नेमका तिच्या हाताशी.

तिला धाप लागली. ती थांबली.

“अरे, पूर्णविराम काय विकत आणावे लागतात?”

पिशवी टॉवेलात गुंडाळून त्यानं तिच्या कुशीला लावली आणि उगाचच चादरीच्या सुरकुत्या काढत बसला. चोरी उघडी पडली होती. तिचा आजार तो तिच्या पाठीमागे परक्या माणसांना सांगत होता.

तिची सगळी नोकरी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून गेली होती. लोकांनी पाल्हाळ लावून आणायचं आणि तिनं छाटायचं. त्याच कचेरीत तो कपाटं करायला गेला, आणि एका कपाटाला त्यानं इतके दिवस लावले, की याला पगारपत्रकावरच घ्या, असं लोक म्हणायला लागले. लग्नानंतर ती माहेरी त्याला चारचौघांसारखं ‘अहो’ म्हणायची. माहेरचा उंबरठा ओलांडला की ‘अरे’.

“आणि हा सुतारपक्षी कोण?”

“मीच. तिथं खरं नाव घालत नाहीत.”

ती हसली. हसणं आताशा तिला सोसत नसे. तरी हसली, आणि मग पोट धरून थोडा वेळ डोळे मिटून पडली. त्यानं उशी सारखी केली.

स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा तो फोरम होता. लोक प्रश्न टाकत, ज्यांना माहीत असेल ते उत्तर देत. सुतारानं तिथं बरंच काही लिहिलं होतं. घरामागच्या शेडमध्ये, रंध्याच्या भुशात, एका बोटानं अक्षर शोधत. कुणीच ओ दिली नव्हती. नाही म्हणायला एकदा फोरमच्या व्यवस्थापकानं खाली एक ओळ टाकली होती : ‘कृपया परिच्छेद पाडावेत.’

“बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “मी असते तर केराच्या टोपलीत टाकलं असतं. ये, बस इथं. फळीला रंधा मारतोस ना? तसा मारू याला.”

“राहू दे गं. तुला त्रास होईल.”

“त्रास व्हायचाय तो होतोच आहे. बस.”

तो बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. ती डोळे मिटून सांगत गेली आणि तो एकेक शब्द पुसत गेला. नमस्कार गेला. मागेही लिहिले होते, ते गेलं. पुतणीच्या लग्नापाशी त्याचं बोट अडलं.

“हे महत्त्वाचं आहे. तिथंच तुला पहिल्यांदा दुखलं. तू जेवता जेवता ताट ठेवून उठलीस.”

“तुझ्यासाठी महत्त्वाचं. वाचणाऱ्यानं काय करायचं त्याचं?”

लग्न गेलं. त्यामागोमाग रिक्षा मिळाली नाही तो प्रसंग गेला, सोनोग्राफीवाल्याचा उर्मटपणा गेला, बहिणीनं सुचवलेला काढा गेला.

“पुढं काय आहे?”

त्यानं आधी मनात वाचलं. मग खाकरला.

“‘ती स्वभावाने फार चांगली आहे, तिने कधी कुणाचे वाईट केले नाही.’”

“काढ.”

“एवढं राहू दे.”

“त्या गाठीला माझा स्वभाव माहीत नाही. काढ.”

शेवटी स्क्रीनवर एवढंएवढंसं उरलं. वय, रोग, कधी कळलं, कुठलं औषध दिलं, काय झालं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. मग डोळे उघडले.

“आणि प्रश्न?”

“कसला?”

“तू या लोकांना विचारतोयस काय? एवढं सगळं लिहिलंस, त्यात प्रश्नच नाही.”

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, पुसलेल्यातलं आठवून बघितलं. खरंच नव्हता. आधीच्या मजकुरातही नसावा. तो नुसता लिहीत होता, आणि विचारत काहीच नव्हता, म्हणून उत्तर यायचीही भीती नव्हती. हे त्याला त्या वेळी उमगलं की नाही, कोण जाणे. पण त्यानं लॅपटॉप जरासा मिटत आणला.

“लिही,” ती म्हणाली. “‘दुसरे औषध लागू पडलेले नाही. डॉक्टर तिसरे सुचवत आहेत. आपल्यापैकी कोणी ते घेतले आहे का? घेऊन काय झाले?’ संपलं.”

प्रश्नचिन्ह त्याला सापडेना. तिनं मान उचलून बोटानं दाखवलं.

“शीर्षक?”

“‘मदत करा’,” तो म्हणाला.

“मदत सगळ्यांनाच हवी असते. रोगाचं आणि औषधाचं नाव घाल. ज्याला ठाऊक आहे, तो थांबेल.”

ज्यांना ठाऊक होतं, ते थांबले. पाठवून तो चहा करायला गेला, आणि चहा गाळून होतोय तोवर उत्तरं यायला लागली. लॅपटॉप घेऊन तो शेडमध्ये गेला. उभ्याउभ्याच वाचलं. मग एक दार, जे कालच तासून झालं होतं, ते पुन्हा बाकावर घेतलं आणि रंधा मारत बसला. गिऱ्हाइकाचं दार होतं. ते चौकटीत ढिलं बसणार, हे कळत असूनही हात थांबेना.

आत आला तेव्हा चहावर साय धरली होती.

“आली?” तिनं विचारलं.

“आली चार-पाच.”

“वाच.”

“लोक म्हणतात, ज्याचं त्याचं वेगळं असतं. प्रत्येकाची प्रकृती...”

“असं कुणी लिहिलेलं नाही. आहे तसं वाच.”

त्यानं चष्मा लावला.

“‘माझ्या नवऱ्याने घेतले. उपयोग झाला नाही. उरलेले दिवस वॉर्डात गेले. पुन्हा वेळ आली तर घेऊ देणार नाही.’”

पंखा फिरत होता. शेजारच्यांचा नळ वाहत होता.

“कोण आहे ही?”

“‘दोन मुलांची आई’ असं टाकलंय.”

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “बाई एक शब्द वाया घालवत नाही. पुढचं?”

पुढच्यात कुणाची आई रुग्णालयातून घरी परतली नव्हती. त्याच्या पुढच्यात एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, एखाद्याला गुण येतही असेल, मला असा माणूस भेटलेला नाही. सुतारानं सगळी वाचली. तिनंही सगळी ऐकली, मग थंड चहा मागितला आणि सायीसकट प्यायली.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टर बराच वेळ बोलत होते. प्रयत्न केला जाऊ शकतो, शक्यता नाकारता येत नाही, बघितलं पाहिजे. ती शांतपणे ऐकून घेत होती.

“डॉक्टर, तुमच्या बायकोला दिलं असतं?”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“नसतं दिलं,” ते म्हणाले.

“झालं तर मग,” ती म्हणाली, आणि उठायला नवऱ्याचा हात मागितला.

त्यानंतर घरात औषधांची दगदग थांबली. एका अर्थी सोपं झालं. वेदना कमी व्हायच्या गोळ्या, पातळ जेवण, कूस बदलायची. ते जेवण सुतार करत असे आणि रोज ते नव्यानं बिघडे. सकाळी ती थोडी हुशारीत असायची. अशाच एका सकाळी तिनं त्याला हाक मारली.

“आणखी एक लिहायचंय. मी सांगते, तू टाइप कर.”

त्याला वाटलं, गोळ्यांविषयी असेल. तो टेकून बसला.

“‘माझा नवरा सुतार आहे.’”

त्याचं बोट वरच्यावर राहिलं.

“लिही ना.”

त्यानं लिहिलं.

“‘काम चांगले करतो. घरातले त्याला काही येत नाही, आणि कोणाला विचारायची सवय नाही. मी गेल्यावर तो शेडमध्येच बसून राहील. जेवणार नाही, फोन उचलणार नाही. तुमच्यापैकी जे मागे राहिले, त्यांनी सुरुवातीला काय केले? सोपे करून लिहा. तो स्वतः वाचणार आहे.’”

सगळं टाइप व्हायला खूप वेळ लागला. मध्ये दोनदा तो नाक पुसायला उठला. दोन्ही वेळा, भुसा गेला, म्हणाला. आज तो शेडमध्ये गेलाही नव्हता.

“‘काम चांगले करतो’ काढायचं का?” त्यानं विचारलं. “त्याचा काय उपयोग?”

“राहू दे.”

फोरमवर तीन कप्पे होते. एक रुग्णांचा, एक नातेवाइकांचा, आणि तिसरा ‘मागे राहिलेल्यांसाठी’. हा तिसरा त्यानं कधी उघडला नव्हता. ती म्हणाली, त्यात टाक.

“तिथं कसं टाकू? तू आहेस अजून.”

“आहे म्हणून तर टाकता येतंय.”

त्यानं बटण दाबलं. तिला दमल्यासारखं झालं होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुपारी शेडमध्ये त्यानं तो तिसरा कप्पा उघडला. इथं उत्तरं लांबच लांब होती. कुणी नवऱ्याच्या शर्टांचं काय करावं ते लिहिलं होतं आणि त्यातच शिरून एका जुन्या सहलीवर गेलं होतं. कुणी बायकोचा फोन अजून चार्ज करत होतं, दर महिन्याला रिचार्जही मारत होतं, आणि हे सांगता सांगता वाक्य तसंच सोडून दिलं होतं. पूर्णविराम नव्हते. परिच्छेद नव्हते. कुणी कुणाला ते पाडायला सांगत नव्हतं. सुतारानं सगळं वाचून काढलं, एकेका ओळीखाली बोट धरत. मन लावून वाचलं, तरी त्यात करण्याजोगं काही हाती लागलं नाही. ही माणसं वर्षानुवर्षं तिथंच बसून होती.

शेवटचं तेवढं लहान होतं. ‘निळी छत्री’ नावाच्या कुणीतरी लिहिलेलं : ‘त्या आहेत तोवर काय ते विचारून घ्या. नंतर आठवत राहतं.’

तो उठला. विचारायचं बरंच होतं. विम्याची पॉलिसी कुणाकडे, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठं, तिच्या बहिणीला आधी कळवायचं की भावाला, गादीच्या खोळी कशात धुवायच्या. दारापर्यंत जाईतो त्यानं ते सगळं मनात ओळीनं लावून घेतलं.

ती जागी होती.

“काय म्हणतात लोक?”

“म्हणतात, विचारून घे.”

“मग विचार.”

तो पलंगाच्या कडेला टेकला. लॉकरच्या किल्लीपासून सुरुवात करायची, असं ठरलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

“तुला भीती वाटते का गं?”

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग छताकडे. कितीतरी वेळ ती शब्द शोधत असल्यासारखी पडून होती. आयुष्यात तिला शब्द शोधावा लागलेला त्यानं पाहिला नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “फार.”

त्यानं मान हलवली. तिचा हात उचलून दोन्ही हातांत घेतला. तो खरखरीत तळव्यांत नीट मावत होता, इतका बारीक झाला होता.

मागच्या बाजूला कुणीतरी शेडचं फाटक वाजवलं. दाराचं गिऱ्हाईक आलं होतं. “कोणी आहे का घरात?” म्हणून त्या माणसानं हाक मारली, थांबला, पुन्हा मारली. दोघांनाही ती ऐकू आली.

कुणीच ओ दिली नाही.