वरणात लपवलेलं कोहळं

"आई, यात पाला हाये!"

शेवंतानं भातात चुकून पडलेलं हिरवं पान दोन बोटांनी उचललं आणि ताटाबाहेर टाकलं. सहा वर्षांची पोर ती. पान टाकून तिनं आजोबांकडे पाहिलं. गोमाजी मिशीतल्या मिशीत हसले.

"टाक, टाक. पाला बकऱ्या खातेत. आपल्या घरी धान पिकते."

सुलोचनानं ते पान उचलून बाजूला ठेवलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, त्यांच्यापुढे बोलायची तिची रीत नव्हती. भंडाऱ्याकडच्या सिहोरा गावात गोमाजींच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, बारीक तांदळाचं नाव होतं. ताटात पांढराशुभ्र भात, वर पिवळं वरण, कधी वांगं नाहीतर बटाटा. तरोटा म्हणजे रानातला टाकळा, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, चवळाई, असल्या पालेभाज्या त्यांच्या चुलीवर चढत नसत. कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, वेल परसातल्या कुडावर माजलेले असायचे, पण ती कोहळी मजुरांना वाटली जायची. सासूबाई वारल्या, तरी गोमाजींचा तो नियम मोडायची कोणाची छाती झाली नाही. सुलोचनाचा नवरा ईश्वर तुमसरच्या राइस मिलात होता, आठवड्याला घरी यायचा. तोही वडिलांपुढे मान खाली घालून जेवायचा.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात शेवंता सांजेला भिंत धरून चालू लागली. हाक मारली की येताना उंबऱ्याला अडखळायची. शेजारणी म्हणाल्या, "ढोंग करते पोट्टी, काम सांगतलं का आंधळी होते." सुलोचनालाही आधी तसंच वाटलं. एकदा तर तिनं पोरीला धपाटाही घातला.

मग एका सांजेला गोमाजी नातीला घेऊन शेतातून परतत होते. गावाजवळच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर बैलाचं दावं नीट करायला त्यांनी क्षणभर तिचा हात सोडला. मागे धप्पकन आवाज आला. पाहतात तर शेवंता पाण्यात! चिखलात उडी टाकून त्यांनी तिला वर ओढलं. ती गारठून थरथरत होती.

"डोळे फुटले का तुये? एवढी मोठी बोडी दिसली नाही?"

"नाही दिसत ना, आबाजी," शेवंता रडत म्हणाली. "सांज झाली का मले काहीच नाही दिसत. कोणी तरी सारं झाकून टाकते."

गोमाजींनी आपलं उपरणं तिच्या अंगाभोवती गुंडाळलं. तिला छातीशी धरून ते घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दृष्ट उतरवणाऱ्याला बोलवायला गेले. सुलोचनानं मात्र पोरीला कडेवर घेतलं आणि गावातल्या नर्सबाईंचं, कुंताबाईंचं घर गाठलं.

कुंताबाईंनी पोरीच्या पापण्या वर करून पाहिलं. मग विचारलं, "ही खाते काय?"

"भात. वरण. बाई, आमच्या घरी खायाले काही कमी नाही."

"भाजीपाला?"

सुलोचनानं मान खाली घातली.

"अगं, हा रातांधळेपणा आहे. तुमच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे, तरी ही पोर उपाशी आहे! अंधारात बघायला डोळ्याला जे लागतं ते पांढऱ्या भातात नसतं. ते हिरव्या पाल्यात असतं, पिवळ्या कोहळ्यात असतं. औषधाचा डोस मी भंडाऱ्याहून मागवते. आला की स्वतः येऊन पाजीन. पण डोस दिला आणि ताट तेच ठेवलं, तर हे दुखणं परत येईल. आणि असंच चालू राहिलं तर कायमचे डोळे जातात, समजलं?"

"घरात पाला शिजत नाही, बाई. मामाजी ताट फेकून देतीन. पोट्टीही तेच शिकली."

"मग आज तरी त्यांना सांगू नकोस," कुंताबाई म्हणाल्या. "आधी पोरीच्या पोटात जाऊ दे. आणि वरून चमचाभर तेल घाल, म्हणजे अंगी लागेल."

त्याच दिवशी सुलोचनानं कुडावरचं पिकलेलं कोहळं कापलं. उकडलं, वरवंट्यानं वाटलं आणि तुरीच्या वरणात घोटून टाकलं. पिवळ्यात पिवळं मिसळून गेलं! मुनग्याचा कोवळा पाला हिरव्या मिरचीबरोबर वाटून चटणीत घातला. तरोटा बारीक चिरून बेसनाच्या वड्यांत गेला. शेवंतानं वडी मोडून विचारलं, "हे हिरवं काय हाये?"

"सांबार व्हय, कोथिंबीर. खाय."

पोर खाऊ लागली. गोमाजींनी वरणाचा भुरका मारला तेव्हा सुलोचना पळी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"आज वरण गोड झालं, सूनबाई. वाढ अजून."

श्रावण गेला, भादवा लागला. रस्ते चिखलानं भरलेले, कुंताबाईंचा डोस अजून आला नव्हता. सुलोचना रोज कुटत होती, वाटत होती, लपवत होती. रोज सांजेला लेकीपुढे बोटं धरून विचारायची, "किती?" आणि शेवंता म्हणायची, "नाही दिसत." कधी कधी वाटायचं, पाल्यानं कुठे डोळे येतात! तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाला खुडायला जायची.

आश्विन लागला, धान पोटरीत आलं होतं. सूर्य बुडाला, तेव्हा गोमाजी आणि शेवंता बांधावर उभे होते, सुलोचना मागून गवताचा भारा घेऊन येत होती. उजेड मावळत चालला होता. पलीकडच्या बांधीत दोन सारस उभे होते, माणसाएवढे उंच, माना एकमेकांकडे वळवून.

"आबाजी," शेवंता हळूच म्हणाली, "त्यायचं पिल्लू कायले लपून राहिलं?"

गोमाजी दचकले. "कोणतं पिल्लू?"

"थे काय! मोठ्याच्या पायाशी. मातीच्या रंगाचं."

गोमाजींनी डोळे बारीक केले. त्यांना काहीच दिसेना. तेवढ्यात धान हललं आणि पाचोळ्याच्या रंगाचं एक पिल्लू मान उंचावून आईच्या मागे चालू लागलं. दोन्ही सारसांनी आभाळाकडे चोची केल्या आणि अशी साद घातली की सारं शिवार थरारलं.

गोमाजींनी टोपी काढली. कुणापुढे काढली, ते त्यांनाच कळलं नाही.

"पोरी, तुले दिसते? या अंधारात तुले दिसते?"

"हव! थे बघा, चांदणीही निघाली!"

सुलोचनाच्या डोक्यावरचा भारा खाली पडला. ती बांधावरच बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

"मामाजी, माह्याकडून चूक झाली. तीन महिन्यांपासून मी तुमच्या वरणात कोहळं घालून राहिली. वड्यांत तरोटा, चटणीत मुनगा. नर्सबाईनं सांगतलं होतं. तुम्हाले फसवलं मी."

गोमाजी तिच्याकडे वळले.

"म्हणजे मीही तरोटा खाऊन राहिलो?"

"हव."

ते तिच्याजवळ मातीत बसले. "मी एवढासा होतो तवा एक साल धान सारं वाळून गेलं. माय जंगलातून तरोटा आणे आणि मिठासंगं उकडून दे. गावातली पोट्टी मले 'तरोटा' म्हणून चिडवत. तवाच ठरवलं, मोठा झालो का माह्या घरात पाला येऊ देणार नाही." त्यांनी हातातल्या टोपीनं डोळे पुसले. "त्या साली गावातली किती लेकरं गेली! मी काहून वाचलो, हे कधी मनातच नाही आलं. ज्याची लाज वाटली त्यानंच मले जगवलं, बाई. आणि आज माह्या नातीले डोळे देले!"

त्यांनी सुनेपुढे हात जोडले. तिनं घाईनं ते खाली केले.

"चूक तुयी नाही. माह्या धाकानं तुले चोरी करा लागली, थेही लेकराच्या पोटासाठी! उद्यापासून लपवू नोको. शेवंताले सांग, काय खाते, काहून खाते."

पुढच्याच आठवड्यात कुंताबाई डोस घेऊन आल्या. शेवंता तो प्यायली आणि त्यांचा हात धरून तिनं त्यांना परसात नेलं. मुनग्याची फांदी वाकवून पानं दाखवली. "हे माह्या डोळ्याचं हाये," ती म्हणाली. कुंताबाई त्या इवल्या पानांकडे आणि त्या चमकत्या डोळ्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या.

दसऱ्याला गोमाजींकडे पंगत बसली. भाताशेजारी मुनग्याच्या पाल्याची भाजी वाढलेली पाहून त्यांचे व्याही आनंदराव थबकले.

"गोमाजी, तुमच्या घरी पाला?"

"हव. पाला," गोमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि पहिला घास भाजीचाच घेतला. शेवंता त्यांच्या मांडीला लागून बसली होती. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटातून भाजी उचलली.

वाचकहो, आपली मुलं आधी आपलं तोंड पाहतात, मग ताट पाहतात. आपण ज्या अन्नाला नाक मुरडतो, ते त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आईनं चोरून घातलेली भाजी लेकराला वाचवील. पण आईवर चोरीची पाळी येऊ नये, हे पाहणं घरातल्या मोठ्यांचं काम आहे. पाल्याला गरिबाचं अन्न म्हणून हिणवू नका. आज तुमच्या कुडावर काय उगवलं आहे ते पाहा, आणि मुलांसमोर, मुलांच्या आधी, स्वतः खा.