जांभळी जीभ

भांडण पेटलं तेव्हा थोरली सून गोठ्यात होती, आणि तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. त्यामुळे तिला धड कमरेवर हात ठेवून भांडताही येईना.

"सहा महिने घसा कोरडा केला मी," शेजारची धोबीण कुंपणापलीकडून म्हणाली. "तुतीचं झाड कुत्र्याला विषारी असतं. घ्या आता."

कुत्रा तुतीखाली आडवा पडला होता. सासऱ्यांच्या शेळ्या राखणारा, लांडग्याच्या बापाला न भिणारा. आता पोट नगाऱ्यासारखं, ओठ जांभळे, जीभ जांभळी, आणि कण्हणं असं की ऐकणाऱ्याच्या पोटात कळ यावी.

"तुझ्या वाळत घातलेल्या चादरींवर डाग पडतात, म्हणून तुझं हे सगळं," सून म्हणाली.

"चादरी गेल्या चुलीत. मुका जीव जातोय."

सासरे तरातरा घरात गेले आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. सुनेनं माहेरून बोटभर काडी आणून, खरकटं पाणी घालून वाढवलेलं झाड ते. आई गेल्यावर माहेरचं म्हणून एवढंच उरलेलं. तिनं शेणाच्या हातांनी बुंध्याला मिठी मारली.

"मामंजी, हे डॉक्टरला आणायला गेलेत. तोवर थांबा."

"आणि तोवर हा मेला तर?"

"तर कुऱ्हाड मीच चालवीन."

सासरे थांबले. तेवढ्यात नवऱ्याच्या सायकलमागे गुरांच्या डॉक्टरची फटफटी आली. डॉक्टर एका गाईचं आडवं वासरू सोडवून थेट आला होता; उंबऱ्यात पाणीसुद्धा न मागता तो कुत्र्यापाशी बसला. पोट चाचपलं, जबडा उघडला, कापसानं जीभ पुसली. कापूस जांभळा झाला, जीभ मात्र चांगली गुलाबी निघाली. कुत्र्यानं त्याच्या तोंडावर एक लांबलचक ढेकर दिली.

"किती खाल्ल्या यानं?"

"सकाळी खाली सडा पडला होता," सून म्हणाली. "आता एक नाही."

"मग दुसरं काय होणार? पिकलेली तुती विषारी नसते. चार खाल्ल्या तर गंमत, पाटीभर खाल्ल्या तर हगवण. कच्च्या मात्र खाऊ देऊ नका."

"पण जीभ जांभळी पडणं हे विषाचंच लक्षण," धोबीण पुढे सरसावून म्हणाली. "माझ्या आजीनं सांगितलंय."

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"तसं असेल तर वहिनी, आधी तुम्हालाच तपासावं लागेल."

धोबिणीनं तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. नवरा आधी खुदकन हसला. मग डॉक्टर. मग सुनेला असं हसू फुटलं की ती बुंध्याला धरूनच खाली बसली. सासरे मिशीत हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसकाच लागला.

"कुंपणाबाहेर लोंबणाऱ्याच खाल्ल्या मी," धोबीण पदराआडून म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. "गोड आहेत मेल्या."

इतक्यात कुत्रा उठला आणि शेपूट पायांत घालून रानाकडे धावला. संध्याकाळपर्यंत त्यानं अशा सात फेऱ्या केल्या.

कुऱ्हाड गल्लीनं पाहिली होती, ती तशीच परत कशी ठेवायची? सासऱ्यांनी बोरीच्या फांद्या तोडल्या आणि झाडाखाली कुत्र्याला शिरता येऊ नये असं काटेरी कुंपण घातलं. नवऱ्यानं धोबिणीची कपडे वाळत घालायची दोरी उचलून तिच्या परसाच्या दुसऱ्या टोकाला बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून भांडी घासत होती. सासरे आले, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"सूनबाई, शेंड्याला पिकल्यात. जरा शिडी धर."