राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायचं नाही

यंदाची चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची पार्टी सोपी करायची, असं आईने एका मासिकात वाचून ठरवलं, आणि त्या क्षणापासून आमच्या घरात कोणाला धड झोप मिळाली नाही.

मासिकातल्या बाईंचं म्हणणं होतं की कागदी ताटल्या घ्याव्यात, पाहुण्यांना एकेक पदार्थ आणायला सांगावा आणि यजमानीण बाईने परसदारी आरामखुर्चीत बसून हसावं. आईने ताटल्या आणल्या. त्या नुसत्याच निळ्या निघाल्या, म्हणून लाल आणि पांढऱ्या आणायला बाबांना परत पाठवलं. मग आरामखुर्ची कळकट दिसायला लागली, म्हणून ती धुतली. धुतलेल्या खुर्चीपुढे कुंपण कळकट दिसायला लागलं, म्हणून ते रंगवलं. शेवटी केक. त्यावर देशाचा झेंडा: स्ट्रॉबेरीचे पट्टे आणि ब्लूबेरीचे तारे, दर राज्याला एक ब्लूबेरी. बाबा अशा बाबतीत काटेकोर आहेत. त्यांनी मोजून पाहिलं, तर एक कमी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ग्रेटा, कुठलं राज्य खाल्लंस?"

"ओहायो."

"ओहायोच का?"

"कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नाही."

बाबांनी बराच वेळ विचार केला आणि मान डोलावली. त्यांना पटलं होतं.

पण एवढा सगळा सोपेपणा चालला होता तो ऑरिनमामासाठी.

ऑरिनमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्या नदीकाठच्या गावात बोटी दुरुस्त करतो, एकटा राहतो, आणि कित्येक वर्षं आमच्या शेजारच्या व्हायोलाबाईंवर प्रेम करतो. हे त्याने सगळ्या बोटींना सांगितलंय. व्हायोलाबाईंना सांगायचं राहून गेलंय.

व्हायोलाबाईंनी अर्ध्या गावाला भूगोल शिकवला. आता त्या निवृत्त आहेत, आणि नदीपलीकडच्या कॉटनवुडच्या झाडावर गरुडांचं घरटं आहे त्याच्यावर वनखात्यासाठी लक्ष ठेवतात. घरटं म्हणजे आमच्या गाडीएवढं आहे, आणि गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. यंदा त्यात दोन पिल्लं होती. बाईंच्या बहिणीने अ‍ॅरिझोनातून वर्षभर तगादा लावला होता की इकडे राहायला ये, इकडे डास नाहीत. व्हायोलाबाईंनी शेवटी हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. "दोन्ही पिल्लं उडाली की मीही निघाले." पहिलं जूनमध्ये उडालं. दुसरं बसून राहिलं. पंख पसरायचं, घरट्याच्या कडेला यायचं, खाली पाहायचं आणि परत आत जायचं. बाईंचं सामान खोक्यांत भरून तयार होतं. त्या पिल्लाने उडावं असं सगळ्या गावाला वाटत होतं. वाटत नव्हतं ते एकाच माणसाला.

उन्हाळ्यात मी मामाच्या शेडमध्ये कामाला असते, म्हणून मला माहीत आहे. रोज सकाळी तो बोट त्या झाडाखाली नेऊन थांबवायचा आणि वर बघून हळूच म्हणायचा, "सावकाश, बाबा. कोणी मागे लागलेलं नाही."

"मामा, त्यांना सांगून टाक ना राहा म्हणून," मी म्हटलं.

"सांगणार होतो. पण मग आधी हे सांगायचं की ते?"

"'हे' म्हणजे काय?" मी साळसूदपणे विचारलं.

"काही नाही," असं म्हणून त्याने टोपी कानांपर्यंत ओढली.

'हे' म्हणजे टोपीखालचा विग. गडद तपकिरी, भरगच्च. मामाच्या डोक्यावर विग आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे मामा सोडून सगळ्यांना माहीत होतं. ज्या बाईला आपण आयुष्यभरासाठी थांबायला सांगणार तिला केसांबद्दल खोटं सांगून कसं चालेल, असा त्याचा प्रामाणिक पेच होता. आणि खरं सांगितलं तर ती कशाला थांबेल, हा दुसरा.

चार जुलैला दुपारी आईने त्याला कोळशाच्या शेगडीपाशी उभं केलं आणि हातात चिमटा दिला.

"सॉसेज भाजायचे आणि तिला विचारायचं. दोनच कामं आहेत. एक तरी नीट कर."

"सॉसेज नीट करतो."

"ऑरिन, आज नाही विचारलंस तर मी विचारीन. तुझ्या वतीने. माझ्या पद्धतीने."

"मार्लिस, तुझी पद्धत नको," मामा घाबरून म्हणाला. आईच्या पद्धतीनेच बाबांचं लग्न झालं होतं.

पाच वाजेपर्यंत परसदार भरलं. जो तो बटाट्याचं सॅलड घेऊन आला. टेबलावर बटाट्याच्या सॅलडचे इतके वाडगे झाले की नंतर आलेल्यांनी आपापले वाडगे खुर्च्यांवर ठेवले आणि स्वतः उभे राहिले. व्हायोलाबाई नेहमीप्रमाणे खायला काही न आणता तिपाईवरची दुर्बीण घेऊन आल्या आणि ती शेगडीशेजारी, नदीकडे तोंड करून रोवली.

"आज वारा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "आज उडेल असं वाटतंय, ऑरिन."

"घाई काय आहे?"

"घाई म्हणजे? त्याचं वय झालंय उडायचं. सारखं कडेला येतं आणि मागे जातं. कशाची एवढी भीती असते कळत नाही."

"पडायची," मामा सॉसेजकडे बघत म्हणाला.

"पंख असताना?"

"पंख आहेत हे त्याला कोणी सांगितलंय का, व्हायोला?"

बाईंनी दुर्बिणीवरचा डोळा काढून त्याच्याकडे पाहिलं. मामाने तोंड उघडलं. मी लिंबूसरबताचा जग घेऊन मागे उभी होते. मी श्वास रोखला. आई खिडकीतून बघत होती, तिनेही रोखला.

आणि बाबांनी ट्रम्पेट उचललं.

बाबा दर चार जुलैला राष्ट्रगीत वाजवतात. वाईट वाजवतात, पण पूर्ण वाजवतात. पहिला सूर निघाला आणि परसदारातले सगळे उठले, झेंड्याकडे वळले, टोप्या काढून छातीशी धरल्या. मामाला दरवर्षीचा हा सगळ्यात कठीण क्षण. एका हाताने टोपी उचलायची, दुसऱ्या हाताने घाम पुसतोय असं दाखवून विग जागच्या जागी दाबायचा. त्याने ते केलं. मग तोही ताठ उभा राहिला, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातातली टोपी छातीवर, आणि डोक्यावर उन्हात चमकणारं ते तपकिरी जनावर.

तेवढ्यात सावली पडली.

मला आधी वाटलं ढग आहे. मग ढगाने वळण घेतलं. नदीवरून ती आली. पिल्लांची आई, गरुडाची मादी होती, ती नरापेक्षा मोठी असते हे आम्हाला शाळेत व्हायोलाबाईंनीच शिकवलंय. झेंड्याच्या काठीला एक फेरी मारून ती खाली उतरायला लागली. देशाचं चिन्ह म्हणून मी हा पक्षी जन्मभर पाहत आलेय, नाण्यांवर, पाकिटांवर, बँकेच्या दारावर. खरा इतका मोठा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. पंख दाराएवढे. डोकं असं पांढरं की बघताना डोळे बारीक करावे लागले. पिवळा डोळा आमच्या सगळ्यांवरून एकदा फिरला आणि त्यात आमच्याबद्दल काहीही मत नव्हतं. पिसांचा आवाज ऐकू येत होता. कोणीतरी मोठी चादर झटकतंय, असा.

कोणी हललं नाही. हलणार कसं? राष्ट्रगीत चालू होतं. बाबांना समोर सगळं दिसत होतं. ते लाल झाले, पण थांबले नाहीत. त्यातल्या सगळ्यात उंच सुरावर ते पोहोचले होते आणि तिथेच अडकले. सूर खाली येईना. गरुड मात्र खाली येत होता. मामाही हलला नाही. एकदा फक्त डोळे वर केले त्याने, आणि मग पुन्हा झेंड्याकडे बघायला लागला.

शेगडीवर सॉसेज होते. तिने सॉसेजकडे पाहिलंसुद्धा नाही. हलक्या पायाने, जणू कपाटातून काही घ्यावं तसा तिने मामाच्या डोक्यावरून विग उचलला, पंखांचे दोन फटकारे मारले, त्यात सगळ्या ताटल्या उडाल्या, आणि ती नदीवर निघून गेली. मामाला एक ओरखडा नाही.

बाबांचा सूर सुटला. उरलेलं राष्ट्रगीत त्यांनी वाजवून पूर्ण केलं.

सगळ्यांचे हात अजून छातीवर होते. आणि समोर ऑरिनमामा उभा होता, चेहरा आणि मान वर्षानुवर्षं नदीवरच्या उन्हात भाजलेली, आणि त्यावर, ज्याला वर्षानुवर्षं ऊन लागलंच नव्हतं, ते लख्ख पांढरं डोकं. कोणी हात खाली घेईना. आधी झेंड्यासाठी होते ते हात, आता कोणासाठी आहेत ते कोणालाच सांगता आलं नसतं. हसू कोणालाही आलं नाही. मलाही आलं नाही, आणि मला प्रार्थनेतसुद्धा येतं.

"लिंबूसरबत कोणाला हवंय?" आई खिडकीतून म्हणाली, फारच बारीक आवाजात.

व्हायोलाबाई दुर्बिणीकडे वळल्या होत्या.

"नेलं," त्या म्हणाल्या. "पाणउंदीर समजून नेलंय. पण पिल्लाला देत नाहीये. समोरच्या फांदीवर धरून बसलीय." त्यांचा आवाज बदलला. "अरे देवा. असंच करतात. समोर खाणं दाखवतात आणि देत नाहीत, म्हणजे त्याने यावं. ऑरिन, इकडे या. लवकर."

मामा गेला. टोपी हातातच होती. त्याने दुर्बिणीला डोळा लावला. आम्ही बाकीचे कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो, सगळे रंगाने माखलो, कारण कुंपण वाळलं नव्हतं.

"कडेला आलंय," मामा म्हणाला.

"मागे जातंय?"

"नाही."

आता दुर्बिणीशिवायही दिसत होतं. नदीपलीकडे उतरत्या उन्हात तो काळपट ठिपका घरट्याच्या कडेवर डुलत होता. त्या पिल्लाने तिथून आयुष्यभर खाली पाहिलं होतं. रोज सकाळी एक माणूस त्याला सावकाश म्हणत होता. तो माणूस इथे उभा होता, त्याला हवं होतं की ते मागे जावं, आणि त्याच्याच डोक्यावरचा विग खाणं समजून ते पुढे येत होतं.

"चल," मामा पुटपुटला. मी शेजारीच होते, मी ऐकलं. "चल, बाबा. आता जा."

ते पडलं. दगडासारखं सरळ खाली. कुंपणावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. पाण्याच्या जरा वर ते उघडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. उघडलं, आणि नदीच्या अर्ध्या रुंदीएवढं वाटलं, आणि पाण्यावर त्याची सावली त्याच्याखालून धावायला लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढी मोठी नदी, इतकी वर्षं तिच्याकडे बघतोय आम्ही. ती आज कोणीतरी ओलांडली असं वाटलं.

एक मोठं वळण घेऊन ते आईच्या फांदीवर जाऊन आदळलं, धडपडलं, सावरलं. तिने विग दिला. त्याने एक घास घेतला, विचारात पडलं आणि उरलेला टाकून दिला. विग गिरक्या घेत पाण्यात पडला आणि दक्षिणेकडे निघाला. मिसिसिपी नदीने कुठे अडवलं नाही तर तो थेट मेक्सिकोच्या आखातात जाईल, असं बाबा म्हणाले. भूगोल त्यांनाही व्हायोलाबाईंनीच शिकवला होता.

मामाने दुर्बिणीवरून डोळा काढला. टोपी डोक्याकडे नेली. अर्ध्यात थांबला. मग ती टेबलावर, बटाट्याच्या सॅलडच्या दोन वाडग्यांमध्ये, नीट ठेवली.

"उडालं," तो म्हणाला.

"उडालं," व्हायोलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणजे आता तुम्ही जाणार."

"खोकी भरून तयार आहेत."

"जाऊ नका," मामा म्हणाला. एवढ्या मोठ्याने की कुंपणावरच्या सगळ्यांनी एकदम नदीत खूप काही बघण्यासारखं असल्याचं दाखवलं. "मला पंधरा वर्षांपूर्वी सांगायचं होतं. मला बोटींशिवाय काही येत नाही. डास आहेत, ते मी हटवू शकत नाही. आणि डोकं हे असं आहे. पण जाऊ नका, व्हायोला."

बाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. दुर्बिणीतून बघतात तसं, बराच वेळ, काही सुटू नये म्हणून.

"गरुडाचं डोकं पूर्ण वाढ झाली की पांढरंच होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं तुमचं कधी होतच नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऑरिन, मी लांबून बघण्याचंच काम करते."

आईने खिडकीत तोंडावर हात ठेवला.

"आणि दुसरं," बाई पुन्हा दुर्बिणीला डोळा लावत म्हणाल्या, "उडालं म्हणजे गेलं, असं वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. अजून दोन महिने ते जेवायला रोज घरट्यात येतं. त्याला नीट मासा धरता येत नाही. कोणीतरी बघायला हवं."

"बोटीतून जवळून दिसतं," मामा म्हणाला.

"मग उद्या सकाळी. आणि ते सॉसेज बघा, जळताहेत."

ते जळून कोळसा झाले होते. आम्ही सगळ्यांनी बटाट्याचं सॅलड खाल्लं, लाल, पांढऱ्या आणि निळ्या ताटल्या झुडपांतून शोधून काढून. केक कापला तेव्हा बाबांनी मला सुरी दिली आणि म्हणाले, कुठलं राज्य हवं ते घे. मी मामाकडे पाहिलं. तो तांबड्या मानेने आणि पांढऱ्या डोक्याने धुतलेल्या आरामखुर्चीत बसला होता, शेजारी व्हायोलाबाई, दोघं नदीकडे बघत होते.

मी अ‍ॅरिझोना खाल्लं.