झाकणाखालचे काम

"तिसरा लाव," मदनसिंग म्हणाले, "आन् आकडा वाच. अंदाजानं नाई, वाचून."

निताने तिसऱ्या दिव्याची तार जोडली. टेबलावर ट्रॅक्टरचे चार जुने हेडलाइट ओळीने मांडलेले होते. तिसरा पेटला तशी भर दुपारी समोरची भिंत पिवळी झाली. मीटरवर अकरा पॉइंट चौऱ्याण्णव व्होल्ट आले. चौथ्या दिव्याला अकरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी. अकरा पॉइंट चाळीसच्या खाली आकडा गेला तर सप्लाय नापास, हे मदनसिंगांनी तिला आधीच कागदावर लिहून दिले होते. चारही दिवे त्यांनी घड्याळ लावून अर्धा तास जळू दिले. आकडा हलला नाही.

घरातली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला हवी तेवढीच पुरवणारा हा पत्र्याचा डबा, म्हणजे सप्लाय, निताच्या जुन्या कॉम्प्युटरमधला होता. एका आश्रमशाळेने काढून टाकलेल्या यंत्रांच्या ढिगातून तो कॉम्प्युटर तिच्याकडे आला होता. त्यातले बाकी सारे आता निकामी झाले होते. नवीन बोर्ड, नवीन प्रोसेसर आणि चित्र काढणारे कार्ड मुबश्शिरने सकाळीच आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणून दिले होते. अडले होते ते फक्त सप्लायपाशी. चांगला नवीन सप्लाय अकोल्याहून येत्या गुरुवारी येणार होता आणि निताला त्याआधी, सोमवारीच दुपारी बारापर्यंत काम पाठवायचे होते.

काम म्हणजे परीक्षाच होती. आयटीआयमधून आरेखक झालेल्या निताला अकोल्याच्या एका वास्तुविशारदाने तीन मजली इमारतीचा पूर्ण नकाशा करायला दिला होता. पसंत पडला तर वर्षभराचे काम घरी बसून. नाही पडला, तर नवरा बादल ज्या ऊसतोड टोळीबरोबर आठ दिवसांपूर्वी पुढे गेला होता, तिच्याच पुढच्या गाडीत तिलाही बसायचे होते. यंदा पहिल्यांदाच ती मागे थांबली होती, आणि थांबण्याचे कारण तिने मदनसिंग सोडून तांड्यावर कोणालाही सांगितले नव्हते.

मदनसिंग तिचे काका. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक म्हणून काम केले होते. मानोरा तालुक्यात जे कोणी आज हातात सोल्डरिंग आयर्न धरत होते, त्यातल्या निम्म्यांनी ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर धरली होती. मुबश्शिरही त्यांचाच विद्यार्थी. पस्तिशी ओलांडली, स्वतःचे दुकान झाले, तरी सरांसमोर तो अजून खुर्चीच्या कडेवर बसत असे.

"पास झाला काका," निता म्हणाली. "बसवाचा मंग?"

"दिवे आजचं सांगतात. उद्याचं आत पाह्यल्याशिवाय समजत नाई."

त्यांनी प्लग काढला, दहा मिनिटे थांबले, चार स्क्रू काढून झाकण उचलले आणि आत साठून राहिलेली वीज एका बल्बवर उतरवली. आत धुळीचा जाड थर होता. त्यातून त्यांना पहिल्यांदा दिसले ते वीज साठवणारे तीन कपॅसिटर. कारखान्यात बसवलेले कपॅसिटर उभे असतात. हे तिन्ही आडवे निजवलेले होते. मदनसिंगांनी चष्मा कपाळावर सरकवून भिंग लावले, मग भिंग खाली ठेवले.

कोणीतरी हा डबा आधी उघडला होता, असे त्यांनी शांतपणे सांगितले. झाकणाच्या बाहेर दुरुस्तीच्या एका कंत्राटदाराची चिठ्ठी चिकटवलेली होती, पण असले कंत्राटदार स्वतः हात लावत नसत, कोणा अनामिकाकडून काम करून घेत. अनोळखी हाताने उघडलेला सप्लाय दुसऱ्याच्या यंत्रात बसवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. एकतीस तुकड्यांना त्यांनी तो पहिल्या आठवड्यात शिकवला होता.

टेबलावरच्या नव्या बोर्डाकडे पाहत निता गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, स्वतःशीच काही पुटपुटली आणि चहाचे कप उचलायला लागली.

मुबश्शिरने घसा साफ केला. "सर, दुकानात एक सप्लाय हाय. पाचशे वॅट लिवलं हाय त्याच्यावर. पन हातात घेतला तं बिस्किटाच्या पुड्यावानी हलका लागते. मी थो बाईले देनार नाई." थोडे थांबून त्याने पुढचेही सांगितले. जुना लावला आणि बोर्ड जळला, तर त्याची वारंटी त्याला देता येणार नव्हती. "नियम तुमीच शिकोला, सर. बुरा नका मानू."

"बुरा काहून मानू? बराबर बोलला तू."

तरी निकाल देण्याआधी तपासणी पूर्ण करायची, हाही त्यांचाच नियम होता. त्यांनी रंगाचा कोरडा ब्रश घेतला आणि कडेकडेने धूळ काढायला सुरुवात केली. बाहेर जाणाऱ्या तारांची जुडी मोकळी झाली तसा ब्रश थांबला.

जुडी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली नव्हती. मेण लावलेल्या दोऱ्याने ती मुळापासून तोंडापर्यंत गुंफली होती. दर बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक गाठ, प्रत्येक गाठ डावीकडे वळवलेली. त्याच दोऱ्याने आडवे कपॅसिटरही जागच्या जागी घट्ट बांधले होते. आडवे का, तेही आता उलगडले. ठरल्यापेक्षा मोठ्या ताकदीचे कपॅसिटर घातले होते. ते उभे मावले नसते.

ही गाठ मदनसिंगांनी एकदाच पाहिली होती, अठ्ठ्याण्णव साली.

त्या वर्षी खासगी उमेदवारांच्या परीक्षेला एक रेडिओ दुरुस्त करणारा बसला होता. शाळेत फारसा न गेलेला, वयाने मदनसिंगांच्याच बरोबरीचा. सरकारी दुरुस्तीची कामे स्वतःच्या नावाने घ्यायची तर प्रमाणपत्र लागत होते. इतरांना दोन तास लागले तो बंद टीव्ही त्याने चाळीस मिनिटांत सुरू केला. तारा मेणाच्या दोऱ्याने बांधल्या. परीक्षक मदनसिंगच होते; ते त्याच्या टेबलापाशी थांबले होते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, हे काय, गोधडी शिवली काय? वर्ग हसला. मग त्यांनी त्याचा उत्तराचा कागद उचलला. आकृती नाही, कारणे नाहीत, कागद कोरा. त्याला उर्दू येत होती, मराठी लिहिता येत नव्हती. अशा उमेदवाराला तोंडी प्रश्न विचारण्याची परीक्षकाला मुभा होती. मदनसिंगांनी विचारले नव्हते. त्या रकान्यात शून्य भरले, आणि माणूस दोन गुणांनी नापास झाला.

त्यांनी भिंग पुन्हा उचलले. एकेक जोड पाहायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, जसे ते विद्यार्थ्यांचे काम पाहत. सोल्डरिंग आयर्न त्यांनी आधीच तापत ठेवली होती. कोणाच्याही कामात एखादा जोड पुन्हा करावाच लागतो, हा अनुभव होता. पाऊण तासाने त्यांनी तिची पिन काढली. तिला काम मिळाले नव्हते.

"मुबश्शिर," ते म्हणाले, "इकडं ये. हा दोरा पाय."

मुबश्शिर वाकला. तो सरळ झाला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"अब्बाचा हाय," तो म्हणाला. "मी तवा आयटीआय करून अकोल्याले पुढचं शिकून राह्यलो होतो. कोनाकोनाचं काम घरी आनून करत होते, पन कोनाचं थे सांगत नव्हते."

मुबश्शिरच्या वडिलांना, जमशेदला, जाऊन चार वर्षे झाली होती, हे निताला माहीत होते. परीक्षेचे तिला माहीत नव्हते. ते मदनसिंगांनी तिच्यासमोरच सांगितले, एकही गोष्ट न गाळता: कोरा कागद, दोन गुण, न विचारलेला प्रश्न. सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच स्पष्ट होता, फक्त हात टेबलाच्या कडेवर घट्ट रोवलेले होते.

"मी तोंडी इचारलं असतं, तं पास होता तुहा बाप. थो नापास नव्हता. मी नापास केला."

"मालूम हाय, सर."

मदनसिंगांनी वर पाहिले.

"घरी येऊन हसत होते अब्बा. म्हने, मास्तर म्हनते गोधडी शिवली. मंग अम्मीले म्हने, गोधडी तं गोधडी, थंडी तं नाई वाजनार." मुबश्शिरने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पन मले शिकाले तुमच्याकडंच धाडलं. मी म्हनलो, तिथं काहून? तं म्हने, थो मानूस कच्चं काम पास करत नाई."

मदनसिंगांनी झाकण उचलले, चार स्क्रू त्यांच्या जागी ठेवले आणि पेचकस हातात घेतला.

"आता हा अनोळखी हात राह्यला नाई," ते निताला म्हणाले. "हा बसवाचा. काई झालं तं जबाबदारी माही."

"बोर्डाची वारंटी मी देतो," मुबश्शिर म्हणाला. "पूरी."

मग दोघांनी मिळून यंत्र उभे केले. बोलणे कामापुरतेच झाले. मुबश्शिर तारा लावत होता, मदनसिंग प्रत्येक जोड बोटाने दाबून मोठ्याने नाव घेत होते. दोरा न सोडता जुडी जिथवर वळली तिथवरच त्यांनी ती वळवली. बोर्ड थोडा सरकवून बसवावा लागला, तो सरकवला. एकदा मदनसिंगांनी हाताने इशारा केला आणि मुबश्शिर खुर्चीत मागे रेलून नीट बसला.

साडेपाचला निताने बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला. तिने इमारतीचा नकाशा उघडला. जुन्या यंत्रावर पहिला मजला दिसेपर्यंत चहा करून होत असे. आता तिन्ही मजले, जिना, गच्ची एकदम समोर उभे राहिले. तिने इमारत फिरवून पाहिली, मागची बाजू, वरची बाजू, पुन्हा पुढची. यंत्रावर पूर्ण भार आला तसा पंख्याचा आवाज किंचित चढला आणि तिथेच स्थिर झाला. मदनसिंगांनी मीटर लावले, आकडा वहीत लिहिला. दहा मिनिटांनी पुन्हा लिहिला. तिसऱ्यांदा लिहायची गरज त्यांना वाटली नाही.

निता आता त्यांना विसरली होती. जिन्याच्या पायऱ्यांची उंची तिने दोनदा मोजली, एक खिडकी हलवली, पुन्हा होती तिथे आणली. तिचे ओठ आकडे मोजत हलत होते.

मुबश्शिर निघायला उठला. पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता टेबलाच्या मागे गेला. जिथून सप्लायची ऊबदार हवा बाहेर पडते तिथे त्याने तळहात धरला. सगळेच तंत्रज्ञ धरतात. यंत्र किती तापले ते असे दोन क्षणांत कळते.

मदनसिंगांनी वही मिटली, चष्मा पुसला, दिव्यांच्या तारा गुंडाळून ठेवल्या. मुबश्शिर अजून तिथेच उभा होता, खांद्यावर पिशवी घेऊन, हात न हलवता.