पाव फेरा

मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर उचललेली होती आणि गाडीखाली फळीवर आमचे हे पडलेले. चिखलाच्या चढावर एकच चाक गरगरत राहतं आणि गाडी अडते. हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकमेकांना जखडणारं कुलूप ते कालपासून बसवत होते. आमच्या सुपांगच्या पोटातलं बाळ आडवं होतं. ढगांमुळे तीन दिवस विमान उतरलं नव्हतं. दुपारच्या पावसाआधी वाटेतला लाल मातीचा चढ ओलांडला, तरच आमची लेक खाली मिरी शहरातल्या इस्पितळात वेळेवर पोचणार होती.

"कुलूप सुटं आहे. ढकल," बाहेर येत ते म्हणाले.

मी डावं चाक पुढे ढकललं. उजवं मागे फिरलं. त्यांनी आत जाऊन बटण दाबलं. फुस्स झालं. आता डाव्याबरोबर उजवंही पुढेच आलं.

"झालं ना, बाबा?" सुपांगने ओसरीवरून विचारलं.

"टाकीत हवा भरणारा पंप पंधरा मिनिटं गप्प बसला तर झालं. बोलला तर कुठेतरी हवा जातेय."

आम्ही पंपाकडे कान देऊन बसलो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. अकराव्या मिनिटाला पंप घरघरला.

दिसतील तेवढ्या सांध्यांना त्यांनी साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही.

"आतलं रबरी कडं गेलं असणार. सगळं उघडायला संध्याकाळ होईल."

सुपांगने पोटावर हात ठेवला.

पहाटेच्या प्रार्थनेहून परतताना थांबलेल्या सिना नापोंग आजी अजून कुंपणाशी होत्या.

"बालांग, सकाळी तू माझ्या हातात हात दिलास की कोपर?"

"आजी, आत्ता हे काय?"

"कोपर दिलंस. हातात पाना होता. पाळकांनाही कोपरच. मग मागची बावीस माणसं. आपल्याकडे भेटेल त्या प्रत्येकाशी हात मिळवायचा; एकाचा धरला आणि दुसऱ्याचा सोडला, असं चालतं का? तेव्हा तू काय आवळत होतास?"

ह्यांचा चेहरा उतरला. "वरचा सांधा. टाकीमागचा. बोटांनी फिरवला, पाना लावणार, आणि..."

"आणि आम्ही आलो."

ते सरपटत आत गेले. पाना चाचपडत वर गेला. पाव फेरा. तेवढाच.

पुन्हा पंधरा मिनिटं. अकरावं गेलं. तेरावं. पंधरावंही. पंप गप्प होता. मी चाक ढकललं. दोन्ही एकत्र आली.

सुपांगला मागे उशांवर निजवलं. तोवर सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. ह्यांनी सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला.

कोणीच पुढे आलं नाही. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

"हात मिळवू नातवासकट परत आल्यावर," आजी म्हणाल्या. "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, आणि नीघ."