चाळीस वर्षं न घेतलेलं नाव

मी मेंदू बोलतोय, देऊळघाटच्या शंकररावांचा. आणि रागाने बोलतोय! चार महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. माझा एक कोपरा निकामी झाला आणि शब्दांकडे जाणारे रस्ते बंद पडले.

वजनाने मी जेमतेम दीड किलो. पण शंकररावांनी पाच भाकरी खाल्ल्या, तर त्यातली एक मी एकटा जाळतो. ते नुसते पडून असले तरी जाळतो. त्यांचा मुलगा प्रसेनजित मात्र मला गाडीचं इंजिन समजतो. "बाबा, डोक्याले तरास देऊ नका, मी सांगतो." अरे, इंजिन बंद केलं की डिझेल वाचतं. माझी भट्टी झोपेतही पेटलेलीच असते. मग ती धग शब्द शोधायला का नाही वापरायची?

पाहुणे विचारतात, "कसं वाटते?" मी आडवाटेने शब्द घेऊन येतो, तोवर प्रसेनजित बोलून मोकळा! जे आधीच कळलं, ते मी पुन्हा सांगून त्यात बातमी काय उरली? माझं सगळं जळण वाया. माया करतो म्हणे. ही कसली माया?

परवा बुलढाण्याला तपासणी होती. बोलण्याचे व्यायाम पुढे चालवायचे की बंद करायचे, ते ठरायचं होतं. डॉक्टरबाईंनी गाव विचारलं, प्रसेनजितने सांगितलं. वय विचारलं, तेही त्यानेच. मी नुसता धुमसत होतो.

"बायकोचं नाव सांगा."

आली का पंचाईत! बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. चाळीस वर्षं नुसतं "अवं". त्या नावाकडे माझ्यात साधी पायवाटही नव्हती. तरी निघालो. शंकररावांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी पेन उचललं, प्रसेनजितने तोंड उघडलं.

"चूप राय तू!" शेजारी बसलेली त्यांची बायको कडाडली. "मॅडम, थांबा जराशा. त्याईले बोलू द्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ गेला.

"बे... बी."

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. "हाव," एवढंच म्हणाल्या.

व्यायाम चालू ठेवायचे ठरले. पण माझा राग काही गेला नाही. परतताना ऑटोवाल्याने विचारलं, "कुठी उतरता, काका?" आणि प्रसेनजित पुन्हा पुढे सरसावला! शंकररावांनी चांगल्या हाताने त्याच्या मांडीवर सणसणीत चापट मारली.

तो मागे सरकला. ऑटो घरावरून पुढे गेला तरी चालेल, पण हा शब्द मीच आणणार.