कापड क्लबचं, नाव माणसाचं

“मिठी मारली का कुणी कुणाला?” मर्लने शिवणखोलीच्या दारातून डोकं आत घातलं.

“मी इथे बसून मिठ्या बघत बसू?” बर्निस झुपानने दातातली टाचणी काढली. “तुला दुसरा धंदा नाही वाटतं. टॉवेल वाळायचेत ना तुझे?”

“टॉवेल कुठं पळतात? पाचपर्यंत माणसं पळतील.”

जुलैचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत कुठल्याही संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला द्यावा, बदल्यात त्यांचे घ्यावेत. पाचनंतर हंगाम संपेपर्यंत दार बंद. दुलुथच्या बेसबॉल मैदानाखालच्या त्या खोल्यांमधून आज कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. खेळाडू फोन पालथे ठेवत आणि लगेच उलटून बघत. हसण्याखिदळण्यातसुद्धा कुणी कुणाच्या खांद्यावर हात टाकत नसे, कारण आजच्या दिवशी मिठीचा अर्थ एकच होता: हा चालला.

बर्निसच्या फळीवर रेडिओ लागलेला होता. त्यावर दोघेजण सकाळपासून तराजू मांडून बसले होते. कोणत्या संघाने कमावलं, कोणत्या संघाने गमावलं, शाळामास्तरांसारखे एकेकाला गुण देत होते. जितीजागती माणसं अशी तोलणं बर्निसला पटत नसे. पण बंद करायला गेलेला हात दरवर्षी आवाज वाढवूनच परत येई.

तिचं काम सदऱ्यांच्या पाठीवर नावं शिवायचं. अक्षरं कापडातून कातरून एकेक करून शिवायची, आणि माणूस गेला की उसवायची. तिच्या आधीपासून त्या खोलीची रीत होती: कापड क्लबचं, नाव माणसाचं. जाणाऱ्याच्या हातात त्याची अक्षरं द्यायची. सदरा धुऊन येणाऱ्याच्या अंगावर. मात्र वरच्या मजल्यावरच्या कचेरीतून फोन आल्याशिवाय टाका उसवायचा नाही. आधीच उसवणं म्हणजे जिवंत माणसाचं सुतक धरल्यासारखं.

मर्ल गेला आणि कर्टिस ऑफरडाल आत आला. अडतीस वर्षांचा, उंच, चौकटीला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकणारा.

“मिसेस झुपान, सदऱ्याचं हे बटण जरा बघता?”

तिने बटण ओढून पाहिलं. “याला काय धाड भरलीय? तुझ्यापेक्षा घट्ट आहे.”

तो खुर्चीत बसला, पण त्याचा गुडघा बसला नाही. एकसारखा हलत राहिला. चौदा हंगाम त्याने या संघात चेंडू टाकले होते, आणि चौदाही वर्षं सप्टेंबर संपला की संघाने सामान बांधलं होतं. ऑक्टोबरातल्या विजेतेपदाच्या सामन्यांत तो एकदाही उतरला नव्हता. यंदा दुलुथ तळाला होतं, बफेलो सगळ्यांत वर. आणि बफेलोला आठव्या डावासाठी एक जुनाजाणता पिचर हवा होता. हा त्याचा शेवटचा करार. आज नाही तर कधीच नाही, हे खोलीतल्या मशीनलाही ठाऊक असावं.

“काही खाल्लंस का?”

“उतरत नाही.”

तिने डब्यातला अक्रोडाचा गोड रोल काढला, एक काप त्याच्या हातावर ठेवला. “आज नववा दिवस. नऊ दिवसांची प्रार्थना धरलीय मी तुझ्यासाठी. सकाळी निरंकार उपास, मग जपमाळ.”

“बफेलो कुठे आहे ते देवाला ठाऊक आहे का?”

“त्याला सगळे संघ सारखेच रे. म्हणून तर नाव घेऊन सांगावं लागतं.”

तो हसला. सदरा तिच्या टेबलावर टाकून, काप मात्र तसाच हातात धरून बाहेर गेला.

चारच्या सुमारास ती इस्त्रीचं पाणी आणायला बोळात आली. बोळाच्या टोकाशी संघाचे म्हातारे मॅनेजर उभे होते. त्यांनी कर्टिसभोवती दोन्ही हात टाकले होते, आणि कितीतरी वेळ ते सोडत नव्हते. बर्निस पाण्याचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली. तिने हळूच क्रूसाची खूण केली आणि पाणी न घेताच परत फिरली.

मर्लनेही पाहिलं होतं. आणखी कुणी पाहिलं कोण जाणे, पण ती खोलीत पोचते तोवर रेडिओवाल्यांना कळलेलं होतं.

“मिठी झाली, म्हणजे व्यवहार झाला,” पहिला म्हणत होता. “दुलुथने कमावलं बरं का. अडतीस वर्षांचा हात गेला, दोन तरणी पोरं आली. पैकीच्या पैकी गुण.”

“थकलेली घोडी देऊन दोन शिंगरं,” दुसरा म्हणाला.

“घोडी म्हणे,” बर्निस रेडिओला म्हणाली. पण मनातून ती हरखून गेली होती. त्याला सहाचं विमान धरावं लागेल. वरचे लोक फोन करतील तेव्हा करतील. तोवर तो निघून जाईल आणि अक्षरं टपालाने पाठवावी लागतील. तिला ती त्याच्या हातात द्यायची होती. तिने फोनकडे एकदा पाहिलं, कर्टिसचा सदरा मांडीवर ओढला आणि पहिला टाका उसवला.

सदरा धुऊन धुऊन पिवळट झाला होता. अक्षरांखालचं कापड मात्र कोरं पांढरं निघत गेलं. सगळी अक्षरं निघाली तरी नाव वाचता येत होतं.

फोन वाजला नाही. ती मध्येच उठून रिसीव्हर कानाला लावून आली, चालू होता. मर्ल दोनदा डोकावून गेला. बंदरात खनिजाच्या जहाजाने भोंगा दिला, आणि रेडिओ म्हणाला, पाच वाजले. बफेलोने शेवटच्या क्षणी दुसराच कुणी घेतला होता.

कर्टिस दारात वाकला तेव्हा सदरा टेबलावरच होता. झाकायला तिला काही सुचलं नाही.

त्याने कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं. “गेलो की मी.”

“मी घाई केली,” बर्निस म्हणाली. “फोनची वाट बघितली नाही. तुला धरलेलं पाहिलं आणि...”

“ते होय.” तो खुर्चीत बसला. आता गुडघा हलत नव्हता. “बफेलोच्या डॉक्टरांनी खांद्याचे फोटो मागवले होते. आत फाटलंय म्हणे. नुसतं आखडल्यासारखं वाटायचं मला. मॅनेजर ते सांगायला आले आणि त्यांनाच रडू फुटलं. मीच धरून ठेवलं त्यांना.”

तिने टेबलावरची अक्षरं गोळा केली. मग म्हणाली, “नऊ दिवस मी काय मागत होते रे?”

“माझ्यासाठी देवाशी भांडू नका, मिसेस झुपान. आज त्याच्याकडे बरीच गर्दी असेल.”

“आता पुढं?”

“सोमवारी खांदा कापतील. चेंडू आता नाहीच. पण आज सामन्याआधी राष्ट्रगीताला रांगेत उभा राहणार आहे. तेवढं राहू देतायत.” त्याने सदरा उचलला. “असाच घालतो. वाचता येतंय की.”

“आण इकडे.”

“सामन्याला वेळ थोडा आहे.”

“मग बडबडू नकोस. अक्षरं दे एकेक.”

तिने चष्मा पुसला. धाग्याची रिळं चाळली आणि दुहेरी धागा ओवला. एप्रिलमध्ये नव्या खेळाडूचा सदरा आला की ती असाच दुहेरी ओवत असे. जाणाऱ्यासाठी इतका धागा कुणी घालत नाही. कर्टिसने ते पाहिलं आणि तो उठून टेबलाजवळ येऊन उभा राहिला. पहिलं अक्षर त्याने जुन्या भोकांवर नीट बसवून दिलं.

रेडिओवर निकाल चालू होता. बफेलोने कमावलं. आणखी कुणी गमावलं, कुणी जेमतेम पास झालं. मर्ल बंद करायला पुढे आला.

“राहू दे,” कर्टिस म्हणाला. “आपलं यायचंय अजून.”

“आता दुलुथ,” पहिला रेडिओवाला म्हणाला, आणि बर्निसने पायपट्टी दाबली. मशीन घरघरू लागलं. शिवण संपली तशी तिने त्याच अक्षरावरून, त्याच टाक्यांवरून पुन्हा एकदा मशीन फिरवलं. पुढचं अक्षर तळहातावर घेऊन कर्टिस शेजारी उभा होता.